बिहीपासून कडू संत्र्यापर्यंत: मार्मलेडच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. स्विंडन, इंग्लंड

शेजारच्या आंटी मूळच्या मडगावच्या. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीत सकाळी कोकणी ऐकू येते आणि मला सावंतवाडीला असल्यासारखं वाटतं. परवा माझ्या फडताळातली संत्र्याच्या मार्मलेडची, म्हणजे साली घातलेल्या जॅमची, बाटली पाहून त्या म्हणाल्या, मार्मेलाद म्हणजे संत्रं नव्हेच, ते मार्मेलो नावाच्या फळाचं करतात, आणि त्याच्या वड्या पाडतात. गोव्यात ते फळ मिळत नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे पेरूची पेराद व्हायची.

मला ते डोक्यातून जाईना. मग ठरवलं: आधी मूळचं मार्मेलाद करायचं, मग जानेवारीत स्पेनमधल्या सेव्हिलची कडू संत्री आली की हल्लीचं मार्मलेड. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात, एकाच पातेल्यात. कुणाला करून बघायचं असेल तर माझा गेलेला वेळ तरी वाचेल, म्हणून या नोंदी.

मार्मेलो म्हणजे इंग्रजांचं क्विन्स, मराठीत बिही. तुर्की किराणावाल्याकडे मिळालं, ३ पौंड किलो. दोन किलो आणलं. नासपतीसारखा आकार, पिवळं, वर करड्या रंगाची लव. टेबलावर नुसतं ठेवलं तरी खोलीभर गुलाब आणि सफरचंदाच्या मधला वास सुटतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिला प्रयत्न फसला.

चूक एक: फळ कच्चंच सोलून चिरायला घेतलं. बिही कच्ची असताना सुरण परवडला इतकी घट्ट असते. सुरी दोनदा सटकली. दोन किलो फळं सोलून, गाभा काढून फोडी करायला १ तास ४० मिनिटं गेली, आणि फोडी तोवर काळ्या पडल्या.

पण याच वेळी एक गोष्ट सापडली. गाभ्यातल्या तपकिरी बिया काढताना बोटं ओली होती, आणि दोन मिनिटांत बिया बोटांना बुळबुळीत चिकटल्या, प्रत्येकीभोवती पारदर्शक थर. हे मी आधी पाहिलं होतं. लहानपणी खोकला झाला की आई काष्ठौषधीच्या दुकानातून बिहीदाणा आणायची, रात्री वाटीत भिजत घालायची आणि सकाळी तो बुळबुळीत चीक खडीसाखर घालून चाटवायची. बिहीदाणा म्हणजे याच फळाचा दाणा. चाळीस वर्षं दाणा माहीत होता, फळ आज पहिल्यांदा हातात आलं. आईला फोटो पाठवला. तिलाही फळ माहीत नव्हतं.

चूक दोन: पातेलं. नेहमीचं पातळ बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं. फोडी शिजवून, चाळणीतून गाळून १.३ किलो गर निघाला, त्यात १.२ किलो साखर. पाऊण तास ठीक चाललं. मग गर घट्ट झाला आणि मी भांडी घासायला वळले तेवढ्यात बुडाला लागला. वरचा भाग काढून घ्यावा म्हटलं तर सगळ्याला करपल्याचा वास. अर्धं टाकलं. उरलेल्याला वास आहेच. घट्ट गर लाव्हासारखा फुटून उडतो, मनगटावर दोन फोड आले आहेत. लांब बाह्यांचा सदरा घाला, पळीही लांब दांड्याची हवी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जाड बुडाचं पातेलं विकत घेतलं, २८ पौंड. हा खर्च टाळता येत नाही असं माझं मत झालं आहे. घरात जाड कढई असेल तर ती चालेल, फक्त लोखंडी नको, आंबट फळाला काळी चव येते.

या वेळी आंटी समोर बसल्या. त्यांच्या सांगण्यावरून फळं (२.४ किलो) फक्त फडक्याने पुसून लव काढली आणि अख्खीच पाण्यात उकडली. पन्नास मिनिटांत सुरी सहज आत गेली. मग बटाट्यासारखी साल सोलली, गर काढला. एकूण वीस मिनिटं. गाभा आणि बिया मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी त्याच पाण्यात अजून अर्धा तास उकळली आणि ते घट्ट झालेलं पाणी गरात घातलं. मी गाभा टाकायला निघाले होते. आंटींनी हात धरला. त्यांच्या आईच्या पेरादीतही बिया गाळून काढल्या तरी बियांभोवतीचा मगज शेवटपर्यंत पिळून घ्यायचे, आळण्याचं बळ तिथेच असतं म्हणे.

गर १.६५ किलो, साखर १.४ किलो, एका लिंबाचा रस. मंद आच.

रंग कसा बदलला ते लिहून ठेवते, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला तीच खूण उपयोगी पडेल. साखर विरघळली तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारखा फिकट पिवळा. अर्ध्या तासाने जर्दाळूसारखा. तासाभराने पोटातून गुलाबी झाक. १ तास ५० मिनिटांनी विटेसारखा लाल. रंग काहीही घातलेला नाही; फळातली तुरट द्रव्यंच आंबट गरात लांब आचेवर तांबडी होतात. तुरटपणाही त्याच वेळी जातो.

तासानंतर मला तीनदा वाटलं की झालं. तिन्ही वेळा आंटींनी पळीने बुडावर रेघ ओढून पाहिली, रेघ मिटली, आणि त्या म्हणाल्या, "अजून जावंक ना." चौथ्यांदा रेघ ओढली तेव्हा पातेल्याचं बूड दिसत राहिलं आणि गोळा कडा सोडून पळीबरोबर फिरायला लागला. नारळाच्या वड्यांचा अंदाज असेल त्याला हा क्षण लगेच कळेल. तूप लावलेल्या ताटात थापलं. वजन २.२ किलो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

माझी तिसरी चूक, आणि ही निव्वळ घाईची. थापलेलं ताट धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकने झाकलं. दोन दिवसांनी आतून थेंब धरलेले आणि वरचा थर चिकट. इथल्या नोव्हेंबरच्या तोंडावरच्या दमट हवेत झाकलेलं काहीच सुकत नाही. प्लास्टिक काढलं, पातळ सुती फडकं टाकलं आणि ताट बॉयलरच्या कपाटात ठेवलं, जिथे आपण टॉवेल सुकवतो. उद्या पालटीन.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

वड्या सुकल्या. वरून कोरड्या, आतून पेढ्याइतक्या मऊ, सुरी स्वच्छ बाहेर येते. फराळाच्या ताटात करंजीशेजारी ठेवल्या. आंटींना सहा वड्या पुठ्ठ्याच्या डब्यात घालून दिल्या. त्यांनी चीजच्या कापाबरोबर खाल्ल्या, पोर्तुगीज पद्धतीने. मला नुसतीच आवडली.

१० नोव्हेंबर, रविवार

आज पातेलं नाही, फक्त शब्द.

ग्रीकमध्ये 'मेली' म्हणजे मध आणि 'मेलोन' म्हणजे सफरचंद. बिहीच्या झाडावर कलम केलेल्या गोड सफरचंदाला 'मेलिमेलोन', मधासारखं सफरचंद, म्हणत. तो शब्द लॅटिनमार्गे पोर्तुगीजमध्ये गेला आणि 'मार्मेलो' म्हणजे खुद्द बिही झाली. तिचा आटवलेला गर तो मार्मेलाद. म्हणजे मार्मलेडच्या नावात संत्रं, लिंबू, आंबट फळ यांचा मागमूसही नाही. पोर्तुगालमध्ये आजही मार्मेलाद म्हणजे बिहीचंच. जर्मन आणि इटालियन लोक मात्र हाच शब्द कुठल्याही फळाच्या जॅमला लावतात.

इंग्लंडमध्ये हा माल आधी तयार वड्यांच्या रूपात, डब्यांत भरून आला. १५२४ साली एक्सेटरच्या हल नावाच्या गृहस्थांनी आठव्या हेन्रीला मार्मलेडचा डबा भेट दिल्याची नोंद आहे. आधी मी हे वाचलं असतं तर बाटलीच डोळ्यांपुढे आली असती. आता माहीत आहे की डब्यात बाटलीतलं पातळ मार्मलेड राहणार नाही. डब्यात राहते ती वडी, माझ्या ताटातल्यासारखी.

याच सालावरून एक लोकप्रिय गोष्ट खोटी ठरते. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडली, फ्रेंच दासी 'मारी मालाद' (मेरी आजारी) म्हणाल्या, त्यावरून मार्मलेड, असं इथे अजून हौसेने सांगतात. मेरीचा जन्म १५४२चा. डबा तिच्या जन्माआधी अठरा वर्षं राजाच्या घरात पोचला होता.

संत्र्याकडे वळण नंतरचं. इंग्लंडमध्ये १६७७ साली एलायझा चमली यांच्या हस्तलिखित वहीत 'मार्मेलेट ऑफ ऑरेंजेस' लिहिलं आहे. 'ऑफ ऑरेंजेस' असं वेगळं सांगावं लागलं यातच कळतं की नुसतं मार्मलेड म्हटलं तर डोळ्यांपुढे संत्रं येत नव्हतं. आपण 'आंब्याचा साखरांबा' म्हणत नाही. जिथे नाव पुरेसं असतं तिथे फळ सांगावं लागत नाही.

११ जानेवारी २०२५, शनिवार

सेव्हिलची संत्री आली, २.८० पौंड किलो. पाच किलो उचलली. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा, मग वर्षभर नाहीत.

फळ दिसायला साधं, साल जाड आणि खडबडीत. चावून पाहिलं: आधी आंबट, मग जिभेच्या मुळाशी कडू. ही संत्र्याची जात म्हणजे पपनस आणि मँडरिन संत्रं यांचा संकर. संस्कृतातलं नारंग फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा झालं, आणि हे फळही अरबांबरोबरच स्पेनमध्ये पोचलं. गोड संत्री तिकडे कितीतरी नंतर आली. आपल्याकडच्या शब्दाला आपल्याहून लांबचा प्रवास घडला आहे.

पहिला घाणा: १ किलो फळ, २.५ लिटर पाणी, २ किलो साखर, १ लिंबू. रस काढला, बिया आणि पांढरा पापुद्रा पुरचुंडीत, साली बारीक चिरल्या. चिरायला सव्वा तास.

पन्नास मिनिटं उकळल्यावर साली शिजल्यासारख्या दिसल्या आणि मी साखर घातली. ही सगळ्यात महागडी चूक. साखर पडली की साल पुढे शिजत नाही, उलट घट्ट होते. नंतर तासभर उकळूनही फरक पडला नाही. सात बाटल्या भरल्या, रंग सुंदर, चव चांगली, आणि साल चामड्यासारखी. पाच तास गेले.

खूण अशी: साखर घालण्याआधी सालीचा एक तुकडा थंड करून अंगठा आणि तर्जनीत दाबायचा. तो पूर्ण चेंगरला पाहिजे, बोटांत धागा उरता कामा नये. दाबताना जरा जरी विरोध लागला तर अजून शिजवायचं.

१८ आणि १९ जानेवारी

दुसरा घाणा. या वेळी चिरलेल्या साली आणि पुरचुंडी रात्रभर त्याच पाण्यात भिजत ठेवली. सकाळी पाणी किंचित दाट. दोन तास मंद उकळलं, साल बोटांत चेंगरली. पुरचुंडी ताटलीत घेऊन दुसऱ्या ताटलीने दाबली. आधी पाणी आलं, मग पांढरट, लाळेसारखा जाड चीक. तो सगळा पातेल्यात. बोटं चोळून पाहिली आणि बिहीदाण्याची वाटी आठवली, तोच बुळबुळीतपणा.

मग साखर, आणि मोठी आच. इथे मी आपला पाक पाहण्याची सवय वापरली. बोटांत एकतारी तार आली, मी आच बंद केली, बाटल्या भरल्या. सकाळी बाटली आडवी केली तर सरबत.

कारण असं समजलं. साखरेच्या पाकात तार येते ती साखर दाट झाल्यामुळे. इथे सालीतून आणि बियांतून उतरलेल्या पेक्टिनमुळे (फळाला आळवणारं द्रव्य) मिश्रण आधीपासूनच चिकट असतं, त्यामुळे तार फार लवकर दिसते. गुलाबजामचा पाक आणि मार्मलेड यांची खूण एक नाही. मार्मलेडला १०४ ते १०५ अंश लागतात, तेव्हाच पाणी पुरेसं उडतं आणि पेक्टिन साखर-आंबटासह जाळी धरतं.

९ पौंडांचा थर्मामीटर आणला. आधी उकळत्या पाण्यात धरून १०० दाखवतो का ते पाहिलं, मगच विश्वास ठेवला. सगळ्या बाटल्या परत पातेल्यात ओतल्या आणि १०४.५पर्यंत नेलं. सोबत बशीची खूण: फ्रीझरमध्ये थंड केलेल्या बशीवर अर्धा चमचा टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. वर सुरकुती पडली की झालं. बशी पाहत असताना पातेलं आचेवरून खाली घ्या, नाहीतर बशी थंड होईस्तोवर मिश्रण पुढे जातं.

आळलं. दुबार उकळल्याने रंग गडद, चवीत जळक्या साखरेची छटा. माझ्या मुलीला हाच जास्त आवडला, पण मला कडूपणा स्वच्छ हवा होता.

२५ आणि २६ जानेवारी

तिसरा घाणा, आधीचं सगळं ध्यानात ठेवून. रात्रभर भिजवण, दोन तास दहा मिनिटं उकळणं, पुरचुंडी दोनदा पिळली, साखर ओव्हनमध्ये कोमट करून घातली म्हणजे उकळी मोडत नाही, मोठ्या आचेवर १९ मिनिटांत १०४.५.

एक बारीकशी गोष्ट राहिली होती. आधीच्या दोन्ही घाण्यांत साली बाटलीत वर तरंगून बसल्या होत्या. या वेळी आच बंद केल्यावर पंधरा मिनिटं थांबले, मिश्रण जरा दाट झालं, एकदा हलवलं, मग भरलं. साली बाटलीभर सारख्या पसरल्या. उजेडात धरलं की आत अंबरात अडकलेल्या काड्यांसारख्या दिसतात. ३.२ किलो, सात बाटल्या.

हिशेब करून पाहिला. युरोपीय संघाच्या २००१च्या मूळ नियमात मार्मलेडसाठी १०० ग्रॅममागे किमान २० ग्रॅम लिंबूवर्गी फळ लागायचं, आणि त्यातलं किमान ७.५ ग्रॅम आतल्या गराचं. माझ्यात १०० ग्रॅममागे ३१ ग्रॅम फळ पडलं. म्हणजे ज्या फळाचं हे नाव, त्या बिहीच्या माझ्या वड्या त्या नियमाने मार्मलेड ठरत नाहीत.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचीही गोष्ट इथेच नोंदवते, कारण बाटलीतल्या या पातळ, सालींच्या रूपाचं श्रेय बहुतेक जण तिकडे देतात. वादळात सापडलेल्या स्पॅनिश जहाजावरची कडू संत्री जॅनेट किलर यांनी घेतली आणि मार्मलेड 'शोधलं' असं सांगतात. किलर कुटुंबाचा धंदा १७९७चा. चमलीबाईंची वही त्याआधी १२० वर्षांची. किलरांनी काय केलं तर मोठ्या प्रमाणावर, एकसारखं, न्याहारीच्या पावावर पसरेल असं मार्मलेड कारखान्यातून लोकांच्या घरात पोचवलं. तेही लहान काम नाही. शोध मात्र नव्हे.

आंटी दुपारी आल्या. चमच्याने खाल्लं, थोडं थांबल्या, आणि म्हणाल्या, "हें मार्मेलाद न्हय." मी त्यांना वाद न घालता सिंकमधली पिळलेली पुरचुंडी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, अजून एकदा पिळली, अंगठ्यावर आलेला चीक पाहिला. मग बाटली आपल्या पिशवीत टाकली.

मला जे म्हणायचं आहे ते त्या अंगठ्यावर होतं. बिही कच्ची खाता येत नाही, कडू संत्रंही नाही. दोन्हींत आळण्याचं बळ आपण टाकून देतो त्या भागात असतं, गाभ्यात, बियांत, पांढऱ्या पापुद्र्यात. ज्या हातांना बिही पिळायची सवय होती त्यांना संत्रं आलं तेव्हा नवं काही शिकावं लागलं नसणार. फळ बदललं, काम तेच राहिलं, म्हणून नावही तेच राहिलं. दोन्ही करून पाहिल्याशिवाय मला हे पटलं नसतं.

२ फेब्रुवारी, रविवार

हिशेब: बिही १३.२० पौंड, संत्री १४, साखर (८.६ किलो) साडेनऊच्या आसपास, लिंबं दीड, नव्या बाटल्या १४, थर्मामीटर ९, पातेलं २८. एकूण ८९ पौंड. पातेलं आणि थर्मामीटर पुढच्या वर्षी मोजायचे नाहीत. वेळ: सगळा मिळून अंदाजे २८ तास, त्यातले दहा चुकांचे.

पहिल्या घाण्यातल्या चामडी साली वाया घालवल्या नाहीत. मिश्रण मिक्सरमधून काढलं, आता केकवर लावायला वापरते. पावाला नाही चालत.

उरलेली दोन किलो संत्री अख्खी फ्रीझरमध्ये ठेवली आहेत. गोठवल्याने पेक्टिन थोडं कमी होतं, म्हणून किलोच्या जागी ११०० ग्रॅम घ्यायची असं पिशवीवर लिहिलं आहे.

मलमलचं फडकं वापरल्याबरोबर गरम पाण्यात धुवा. मी एकदा रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी ते पापडासारखं ताठ झालं होतं आणि उकळल्याशिवाय सुटलं नाही.